उत्तमभाऊंचा पुकारा

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की उत्तमभाऊ फाटकाशी उभे राहून पुकारा करतात. "पाणी आलं होऽ" असं तीनदा. तीनदाच, कारण वाशीमच्या कोर्टात ते शिपाई होते आणि साक्षीदाराच्या नावाचा पुकारा तीनदा करायची त्यांना सवय. तिसऱ्या पुकाऱ्यालाही जो हंडा घेऊन बाहेर येत नाही, त्याला ते गैरहजर धरतात आणि दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत.

नळ येतो आठ-दहा दिवसांनी. कधी पहाटे, कधी भरदुपारी. त्यामुळे "पाण्याचा भरोसा नाही, बाई," हे भाऊंचं वाक्य शेजारीण म्हणून मला पाठ आहे. त्यांच्या घरी भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं, कपड्यांचं अंगणात जातं. आणि त्यांच्या बायको, कांतावहिनी, आंघोळीला गेल्या की भाऊ बाहेर कान देऊन उभे असतात. चारेक मग अंगावर पडले की दाराची कडी वाजते. "झालं का? टाकी खाली करतं काय?"

त्यांची मुलगी स्वाती पुण्यात नोकरीला आहे. तिनं आईबाबांना समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात ठेवायचं ठरवलं. दोन खोल्या घेतल्या, एक तिची. ऐनवेळी तिची रजा नामंजूर झाली, म्हणून तिच्या जागी मी गेले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती आणि खोली रिकामी पडू देणं मला पटत नाही.

रेल्वेत भाऊ वरच्या बाकावर घोरत असताना वहिनी मला म्हणाल्या, "बाई, मले समुद्राचं काही नाही. स्वाती म्हणे, तिथं आंघोळीले टब हाय. एक डाव त्यात बसून मनभर आंघोळ करायची हाय."

"मग करा की."

"ह्यायले नका सांगू. हे नाही म्हणतीन."

हॉटेलच्या दारात एका मुलीनं हात जोडले, गळ्यात शंखांची माळ घातली. भाऊंनी "जय भीम" म्हणून माळ काढून खिशात ठेवली आणि सरळ समुद्रापुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. "इतलं पाणी, अन् प्याच्या कामाचं नाही," एवढा निकाल देऊन परतले. वाटेत पोहण्याचा तलाव लागला. "समोर समुद्र असून हे टाकं कायले बांधलं?"

खोलीत शिरताच त्यांनी सगळे नळ सोडले. बाटल्या भरल्या, चहाची किटली भरली, बर्फाचं भांडं भरलं, फुलं काढून फुलदाणीही भरली. कचऱ्याचा डबा विसळून भरला. शेवटी टब काठोकाठ भरून त्यावर पांढरी चादर झाकली. वहिनी दारातून बघत होत्या.

"याले कोणी हात लावू नका," भाऊ म्हणाले. "हे साठ्याचं हाय."

त्या संध्याकाळी वहिनींनी भरल्या टबाशेजारी बसून, कोपऱ्यातल्या बादलीतल्या चार मगांत आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुकाऱ्यानं जागी झाले. सवयीनं हंडा शोधला. मग आठवलं आपण कुठे आहोत. बाहेर आले तर भाऊ बनियनवर उभे, आणि एकेका दारातून झोपाळू पाहुणे डोकावत होते. एका साहेबांनी लहान मुलाला काखेत धरलं होतं, आग लागली असं वाटून. मॅनेजर धावत आला.

"सर, इथे चोवीस तास पाणी असतं."

"आज असते. उद्याची गॅरंटी देता काय?"

मॅनेजर गॅरंटी देऊ शकला नाही. भाऊंच्या लेखी केस तिथेच संपली.

पण नाश्ता करून आलो तर खोली लख्ख. सफाईच्या बाईनं बाटल्या, डबा, किटली सगळं ओतून टाकलं होतं, फुलं पुन्हा फुलदाणीत, आणि टब कोरडा ठणठणीत पुसलेला. भाऊ पलंगावर बसले ते दुपारी जेवायलाही उठले नाहीत. मधूनमधून जाऊन नळ तेवढा उघडून बघत. पाणी येत होतं. ते बंद करून पुन्हा बसत. संध्याकाळपर्यंत नळ एकदाही गेला नाही, त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला असावा.

माझ्याच्यानं राहवलं नाही. वहिनी वाळूत फिरायला गेल्या होत्या, तेव्हा मी सांगून टाकलं.

"भाऊ, वहिनी इथे समुद्रासाठी नाही आल्या. त्यांना त्या टबात मनभर आंघोळ करायची आहे."

"मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"सांगून काय झालं असतं?"

भाऊ उठून खिडकीशी गेले. खिडकीतून वहिनी दिसत होत्या. लाट आली की त्या लुगडं वर धरून मागे सरकत होत्या. पाय भिजतील तेवढ्याच पाण्यात.

रात्रीच्या जेवणाला बोलवायला मी त्यांच्या खोलीत गेले. आतल्या नळाचा आवाज येत होता, चांगला धो धो. भाऊ न्हाणीच्या बंद दाराला पाठ लावून खाली बसले होते, मांडीवर घडी केलेला टॉवेल. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओली होती, तान्ह्या लेकराच्या आंघोळीचं पाणी कोमट आहे का बघताना होते तशी.

"भाऊ, नळ चालू राहिला वाटतं."

"गरमचा नळ मीच सोडला," ते म्हणाले. "पाणी थंडं होऊन राह्यलं होतं."

मी जायला वळले. तेवढ्यात आतला नळ बंद झाला. पाण्याचा आवाज थांबला आणि वहिनींचा घाईघाईचा आवाज आला.

"अवो, कडी वाजवली काय?"

"नाही वाजवली," भाऊ म्हणाले. "बस तू."