तीन गावांचा भोकाचा पैसा

नाण्याला भोक हवंच, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! तीन गावांच्या सामाईक नाण्याचा नमुना मी ठरवला होता आणि त्यात काडीची चूक नव्हती. चुकले ते लोक!

त्या वर्षी बाजारातून चिल्लर गायब झाली. दुकानदार सुट्ट्यांऐवजी हातावर लवंगा ठेवू लागले. शेवटी आमचं पिंपळगाव राजा आणि शेजारची दोन गावं, इथल्या दुकानदारांनी आपलंच पाच पैशांचं पितळी नाणं पाडायचं ठरवलं. समितीचा अध्यक्ष मी. माझं ऑइल इंजिनाच्या सामानाचं दुकान, म्हणजे धातूतलं कळणारा तिन्ही गावांत मीच!

"निवृत्तीभाऊ, भोक कायले पाह्यजे?" किराणावाले सहदेव कुरकुरले.

"दोऱ्यात ओवता येते, हरवत नाही!"

"अन् नाही पाडलं तर?"

"तर दुसरा अध्यक्ष पाहा!"

भोक मंजूर झालं. माप काटेकोर हवं म्हणून मी दुकानातला इंजिनाचा वायसर खामगावच्या तांबटापुढे ठेवला. म्हटलं, "जाडी, रुंदी, भोक, एका केसाचाही फरक नको!"

हजार नाणी आली. पहिल्या बाजारी वाहवा झाली. दुसऱ्या बाजारी निम्मी उरली. तिसऱ्या बाजारी एकही नाही! चोर म्हणावा, तर पोलिसांत जायची सोय नव्हती. नाणी आम्हीच पाडली, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यात माझे वायसर खपेनात. पेटीच्या पेटी तशीच पडून, दुकान बसायची वेळ आली. एक दिवस शेतकरी भगवानरावांचं विहिरीवरचं इंजिन दुरुस्तीला उघडलं, तर आत माझं नाणं!

"भगवानराव, हे इथं काऊन?"

"तुमचा वायसर दोन आण्याले, हा पाच पैशाले! बसते बी झकास. साऱ्यायनं हेच बसवले."

समितीची बैठक तापली. सहदेव मात्र थंडपणे म्हणाले, "तुमच्या पेटीतले वायसर द्या, तेच नाणे म्हनून चालवू. माप तेच, भोक तेच. पाच पैशाले एक."

"देत नाही!" मी टेबलावर मूठ आपटली.

"मंग बिना वायसरचं एक तरी इंजिन दाखवा तिन्ही गावांत. कोनाले इकता?"

मी आणखी दोनदा मूठ आपटली आणि पेटी दिली.

महिन्याभरानं माझ्याच विहिरीवरचं इंजिन गळू लागलं. दुकानात वायसर औषधालाही नाही! भाजीवाल्या केसरबाईंकडे गेलो.

"बाई, चार नाणी द्या. हे घ्या वीस पैसे."

"नुसते नाही भेटत, भाऊ! सारे तेच मांगून राह्यले. एक पाव किलो भाजी घ्या, मंग सुट्ट्यात एक नाणं."

"मी अध्यक्ष आहे!" मी गरजलो.

"हाव. मंग चार पाव घ्या."

मी ताडकन पाठ फिरवली. दहा पावलं ताठ मानेनं चाललो आणि मग परत आलो. त्या दिवशी केसरबाईंकडे फक्त कारली होती!