शंखरावांची शोकसभा

एका जंगलात घडावी अशी ही गोष्ट, बाळांनो. पण जंगलं आता उरलीत कुठे? म्हणून ती एका दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत घडली. पेटीत खारं पाणी होतं, प्रवाळ होतं आणि एक राजा होता. पिवळा मासा. पेटी एवढीशी, पण याचा तोरा समुद्राएवढा.

या राज्यात एक रीत होती. थोरामोठ्यांनी चाटूनपुसून खायचं नाही. मालकानं वरून खाणं टाकलं की राजा अर्धं खायचा, अर्धं थुंकायचा. मग दरबारीही थुंकायचे. ते उष्टं तळाशी जायचं.

ते खायचा केसोबा. लांबलचक किडा, अंगभर पांढरे केस. केस कसले, बारीक काटेच ते! दिसायला अगदी भिकार, हे मीही म्हणतो. दिवसभर दगडाखाली पडून राहायचा आणि अंधार पडला की उष्टं, कुजकं, मेलेलं, सगळं फस्त करायचा. शेजारी झिपरी नावाची नारिंगी मासोळी राहायची. तिनं पहिल्यांदाच अंडी घातली होती. त्यांच्या आसपासची घाणही केसोबाच उचलायचा.

एके सकाळी शंखात राहणारे म्हातारे गोगलकाका मेलेले सापडले. त्यांचा शंख गायब. नुसतं अंग वाळूत पडलेलं आणि केसोबा ते खात बसलेला.

"अगं बाई, यानंच मारलं!" कोळंबी किंचाळली.

"मी आलो तेव्हा मेलेलेच होते," केसोबा म्हणाला. "मला तुमचं उष्टंच संपता संपत नाही, जिवंतांना कशाला खाऊ?"

राजानं स्वतः तपास करायचं ठरवलं. म्हणजे काय, तर केसोबाला तोंड लावून पाहिलं. ओठभर काटे रुतले.

"महाराजांवर हल्ला!" दरबार ओरडला.

"तोंड तुम्ही लावलंत, महाराज," केसोबा म्हणाला. पण राजाच्या सुजलेल्या ओठापुढे त्याचं कोण ऐकतंय!

लगेच शोकसभा भरली. अध्यक्ष होते शंखराव, म्हणजे दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा. त्यांचा जुना शंख अलीकडे त्यांना घट्ट होत होता. आज त्यांच्या पाठीवर चक्क गोगलकाकांचा शंख होता. नांगीला काकांचं मांससुद्धा चिकटलेलं.

"काकांची आठवण म्हणून अंगावर वागवतोय हो," शंखराव हुंदका देत म्हणाले.

सभेनं डोळे पुसले. काय पण सभा! देवानं डोळे दिले ते पुसण्यापुरतेच.

पहाटे शंखरावांनी काकांना शंखातून ओढून काढलं, ते झिपरीनं पाहिलं होतं. पण बोललं आणि ही नांगी आपल्या अंड्यांकडे वळली तर? ती गप्प बसली. आई होती, म्हणून मी तिला फार बोलत नाही.

केसोबाला हाकलायचा ठराव झाला. राजाचा सुजलेला ओठ पाहून मालकाचा चिमटा पाण्यात उतरला, तेव्हा सगळा दरबार केसोबाच्या दगडाकडे तोंड करून उभा राहिला. मालकानं दगडासकट त्याला आणि दगडाखालच्या त्याच्या अख्ख्या घराण्याला उचललं.

पेटीत आनंदीआनंद झाला. त्या आनंदात राजा जरा जास्तच थुंकला. उष्टं साचलं, कुजलं, पाण्याला घाण वास सुटला.

"महाराज, आता तरी सगळं खाल्लं तर?" कोळंबीनं भीत भीत विचारलं.

"आम्ही काय केसोबा आहोत?" राजा गुरकावला.

झिपरीची अंडी पांढरी पडू लागली. पाहता पाहता सगळी गेली.

तेव्हा मात्र ती शंखरावांसमोर जाऊन ओरडली, "काकांना तुम्हीच मारलंत! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी!"

"बिचारी," सभा हळहळली. "लेकरं गेली आणि डोकं फिरलं हो."

शंखरावांनी मोठ्या मनानं तिला माफ केलं. तिच्या लेकरांसाठीही शोकसभा जाहीर केली. "तो मेला केसोबा जाता जाता पाण्यात विष कालवून गेला," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं. अंडी तिथेच कुजत राहिली आणि झिपरी त्यांच्याजवळ बसून राहिली.

तात्पर्य: बाळांनो, मयताघरी जाऊन साफसफाई करू नका, लोक तुम्हालाच खुनी म्हणतील. मयताचं घर बळकावा आणि अध्यक्ष व्हा.