चार दोऱ्यांचा मान

भार उचलताना जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो तो सगळ्यांत कमी उचलतो, हे जानकीबाईंचं मत कुठल्या पुस्तकातलं नव्हतं (पुस्तकांशी त्यांची ओळख दुसरीच्या दिवाळीपर्यंतच टिकली). धाकट्या दिराकडे, केसरीनाथाकडे चाळीस वर्षं बघून ते तयार झालं होतं. होळीचा दांडा उभा करायचा असो की नाल्यात गेलेला टेम्पो वर काढायचा असो, केसरीनाथ दोरीला हात लावायचा, "ओढा रे!" म्हणायचा आणि काम होतंय न होतंय तोच हात सोडून नमस्काराला उभा राहायचा. असा माणूस वाया जाऊ नये म्हणून वळ गावाने त्याला दोनदा ग्रामपंचायतीवर पाठवला.

दोन हजार सातच्या माघात गावची वीज दिवसाचे आठ तास जात होती, आणि जानकीबाईंची नात पूर्वी दहावीला होती. तिचा बाप बाळाराम याने उपाय म्हणून पवनचक्की आणली: तीन पात्यांचा पंखा, एक बॅटरी, चाळीस फुटी लोखंडी पाइप आणि एक इंग्रजी कागद. क्रेन गल्लीत शिरेना, कारण अर्धी गल्ली केसरीनाथाच्या ओट्याने व्यापली होती. मग जानकीबाईंच्या अंगणात हातांनीच उभारायचं ठरलं आणि कारभार, गल्लीचा जाणकार म्हणून, केसरीनाथाकडे गेला.

कागदावरचं चित्र स्वच्छ होतं. पाइपाच्या बुडाशी बिजागरी, पाइपाला चार दिशांच्या चार दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला जमिनीत रोवलेला खुंटा. चित्रात माणूस एकही नव्हता. यावर साधकबाधक चर्चा होऊन, चित्रकार माणसं काढायला विसरला असावा, असं सर्वानुमते ठरलं.

"भावजी, चित्रात खुंटे हायेत," जानकीबाई म्हणाल्या.

"वयनी, तो कागद इंग्रजी हाय. तुमाला काय समजनार?"

"खुंटा काय इंग्रजी असतो?"

हा प्रश्न इतिवृत्तात आला नाही. एकूण तीन बैठका झाल्या. त्यात मानावर पाच तास आणि पाइपावर अकरा मिनिटं खर्ची पडली (चहा धरून). चार दोऱ्या म्हणजे चार मान. पूर्वेची दोरी केसरीनाथाच्या घरची. उत्तरेवर दोन घराण्यांचा दावा निघाल्याने तिच्या लांबीची वाटणी करण्यात आली. पश्चिम मित्रमंडळाला. दक्षिण ही यमाची दिशा, ती कोणी घेईना. ती गावच्या जावयांना देण्यात आली. खुंटे रद्द. "बावन्न गडी असताना मातीला कंला तरास?" हे केसरीनाथाचं वाक्य टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. बायकांकडे पाण्याची व्यवस्था सोपवण्यात आली (बायकांवर विश्वासाने सोपवण्याजोग्या गोष्टींत पाण्याचा क्रमांक फार वरचा आहे).

शेवटी एक किरकोळ ठराव होता. जानकीबाईंच्या अंगणात म्हशींचे चार खुंटे होते. सावली फिरेल तशी म्हैस हलवायची, म्हणून चार बाजूंना चार. शेत गोडाऊनला गेलं, म्हशी गेल्या, खुंटे राहिले. केसरीनाथाला तिथे गाडी वळवायची होती. पवनचक्की उभी राहिली की खुंटे उपटावेत, असं ठरलं. खुंटे ज्यांचे, त्यांना विचारायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी दहाला मुहूर्त. बिजागरीवर आडवा पडलेला पाइप "ओढा रे!"च्या तालावर उठू लागला. पंखा एकच होता. तो पडला असता तर पूर्वीच्या नशिबी मेणबत्ती होती, आणि पाइप पडला असता तर स्वयंपाकघराला कौलं उरली नसती. एकेका खुंट्यापाशी एकेक बाई हंडा घेऊन बसली होती: जानकीबाई, केसरीनाथाची बायको हौसा आणि शेजारच्या दोघी. मानकऱ्यांच्या पाठीमागे दोऱ्यांची शेपटं मातीत लोळत होती. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती, कारण सगळे वर बघत होते.

पाइप सरळ झाला. केसरीनाथाने नारळ उंचावला. फोटोग्राफर म्हणाला, "सगळ्यांनी इकडे बघा! टाळ्या!"

टाळी दोन हातांनी वाजते. बावन्न माणसांनी एकशे चार हात मोकळे केले.

पाइप वीतभर स्वयंपाकघराकडे झुकला. कौलांवरून त्याची सावली सरकली. मग करकर आवाज झाला आणि तो थांबला. टाळ्यांत ती करकर कोणाला ऐकू आली नाही. दोऱ्यांच्या शेपटांचे दोन-दोन वेढे चारही खुंट्यांना बसले होते. जानकीबाईंचा बाप खाडीत होडी लावायचा. दोन वेढ्यांत होडी थांबते, हे शिकायला त्यांना तिसरीत जावं लागलं नव्हतं. वेढ्याचं टोक धरून ठेवताना हौसाच्या तळहाताची साल मात्र निघाली. (घरी जाऊन तिनेच नवऱ्याला ओवाळलं, त्याच हाताने.)

संध्याकाळी पूर्वीच्या वहीवर दिवा लागला.

आठवड्याने पेपरात फोटो आला: 'एकजुटीतून प्रकाश'. बावन्न माणसं, सगळ्यांचे हात हवेत. दोरी एकाच्याही हातात नाही, हे जरा नीट पाहिलं तर दिसतं. छापणाऱ्याने नीट पाहिलं नाही, आणि वाचणाऱ्यांनी वाहवा करून पान उलटलं.

एका हातात तो पेपर आणि दुसऱ्यात पहार घेऊन केसरीनाथ अंगणात आला. "वयनी, ठरल्यापरमाने खुंटे काडतो."

जानकीबाईंनी बोटाने खुंटा दाखवला. दोरी त्यालाच होती. केसरीनाथाने ती पहिल्यांदा पाहिली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पहार हळूच खाली टेकली.

"काडा ना, भावजी," जानकीबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पन मग ती दोरी तुमी धरायची. रोज, रातदिस. आन कोनी टाल्या म्हनला तरी सोडायची न्हाय. गावाला टाल्या येतात, पेपरवाल्याला येतात, घरी बसून वाचनाऱ्याला तर लईच येतात. धरून ऱ्हायाला फकस्त खुंट्याला येतं."