सेवानांवांचें दफ्तर विकिलें त्याची हकीकत

श्रीशब्दब्रह्मास वंदून, ज्यानें निराकारास नांव दिलें त्यास दंडवत घालून, हकीकत लिहिली ऐसी जे: शके एकोणीसशें त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं महाजालाच्या राज्यांत सेवानांवांचें दफ्तर विकिलें गेलें, आणि त्यापासून काय अनर्थ जाहला, आणि दफ्तरदार अंताजीपंत ठोसर यांची मान कैसी खालीं गेली, तें सांगतों. महाजालाचें राज्य म्हणजे त्यास तट नाहीं, वेस नाहीं. लोक घरीं बसोन हातांतील फोनावरून तेथें येतात, जातात. त्या राज्यांत ज्यास घर मांडणें त्यानें आधीं नांव घ्यावें, आणि नांवापुढें ठिपका देऊन आडनांव लावावें, ऐसी रीत. दुकानदार असेल त्यास ‘ठिपका व्यापार’, आणि अनाथालयें, वाचनालयें, रुग्णसेवा, ऐसीं नफा न घेणारीं घरें असतील त्यांस ‘ठिपका सेवा’. कोणतें नांव कोणाचें हें जेथें लिहून ठेवीत तें नामदफ्तर. सेवानांवांचें दफ्तर मूळपुरुषांनीं सात जणांच्या एका मंडळीचे स्वाधीन केलें, आणि सांगितलें कीं, हें तुमचें नव्हे, तुम्ही राखणदार. शुल्क थोडकें, बांधून दिलेल्या मर्यादेंतच घ्यावें आणि कोणाचें नांव कोणी हिरावूं नये.

या मंडळींत अंताजीपंत वयानें वडील. सव्वीस वर्षें दफ्तर त्यांच्या हातीं, आणि दहा हजार घरांचीं नांवें त्यांस तोंडपाठ. नवें घर नोंदलें म्हणजे पंत आपण होऊन त्यास फोन करीत आणि म्हणत, “नांव तुमचें जाहलें. आम्ही आहों तोंवर त्यास कोणी हात लावणार नाहीं.” हें वाक्य म्हणतांना त्यांस फार बरें वाटे. ऐसेंच त्यांणीं कृष्णाबाई गावित यांसही सांगितलें होतें. कृष्णाबाई म्हणजे डोंगरपट्टीच्या दवाखान्यांतून निवृत्त जाहलेल्या परिचारिका. त्यांणीं ‘सर्पदंश ठिपका सेवा’ हें नांव घेतलें, आणि त्या व त्यांच्या दोन मैत्रिणी रोज सकाळीं नव्वद सरकारी दवाखान्यांस फोन लावीत, आणि सापाच्या विषावरची लस आज कोठें आहे, कोठें संपली, तें त्या घरीं लिहून ठेवीत. मग ज्यास साप चावला त्याच्या माणसांनीं तें नांव फोनांत घालावें, जवळची लस पाहावी, आणि थेट तेथेंच गाडी न्यावी. यायोगें चार वर्षांत पुष्कळ जीव वांचले.

मग ऐसें जाहलें कीं, मंडळीचे अध्यक्ष जयवंतराव अधिकारी यांणीं एके दिवशीं बैठक बोलाविली. गुंतवणूकदारांची एक मोठी पेढी आली होती, आणि तिचे तरुण कारभारी पडद्यावर चित्रें दाखवीत होते, आणि म्हणत होते कीं दफ्तर आम्हांस द्या, आम्ही तें अधिक नेटकें चालवूं, आणि मिळेल त्या द्रव्यांतून मंडळीनें हवी तितकी सेवा करावी. करारनामा एकशें चाळीस पानांचा, सारा इंग्रजी. पंतांणीं दहा पानें वाचिलीं, मग वीस, आणि तेथोन पुढें त्यांस कांहीं उमगेना. शुल्काची मर्यादा राहते कीं जाते, एवढें एकच विचारावें म्हणोन त्यांणीं दोनदां घसा खाकरला. परंतु भोंवतीं सर्व जण मान डोलवीत होते, आणि ते तरुण भराभर बोलत होते, आणि पंतांचे मनांत आलें कीं आपण विचारूं आणि हे हंसतील, म्हणतील म्हातारा मागें पडला. इतक्यांत जयवंतराव म्हणाले, “पंतांस काय सांगावें! दफ्तर म्हणजे पंत. पहिली सही त्यांचीच हवी.” त्यासरशीं पंत सुखावले, आणि “हां, ठीकच आहे सारें,” ऐसें म्हणोन त्यांणीं सही केली. पंतांणीं केली हें पाहून उरलेल्या सहा जणांणींही केली, आणि चहा जाहला, आणि दफ्तर गेलें.

दोन महिने नीट गेले. मग पेढीनें नवे नियम काढिले कीं, ज्या नांवास लोक फार येतात तें उंची नांव, त्याचें शुल्क वेगळें. आणि तीस दिवसांत न भरल्यास नांव लिलावांत जाईल, मग घेणारा कोणीही असो. मोठीं संस्थानें होतीं त्यांणीं कसेंबसें भरलें. लहानांचे हाल जाहले. कुठें अंधांचें वाचनालय होतें तें बंद पडलें, कुठें हरवलेल्या माणसांचा शोध घेणारें घर होतें तें नांव बदलोन कोठें गेलें तें कोणास सांपडेना. कृष्णाबाईंचें नांव तर उंचीहून उंची ठरलें, कारण दुखणाईत माणसें तेथें रात्रंदिवस येत. त्यांणीं पंतांस पत्र लिहिलें: “पंत, आपण शब्द दिला होता. ही काय भानगड आहे तें कळवावें.” पंतांणीं पत्र वाचिलें, आणि मग कपाटांतून तो करारनामा काढिला, कोश घेऊन तीन दिवस शब्दश: लाविला, आणि एकशें अकराव्या पानावर त्यांस तें वाक्य सांपडलें. मर्यादा उठविली होती, आणि खालीं त्यांचीच सही होती. उत्तर लिहावयास बसले तों काय लिहावें हें सुचेना. दुसरें पत्र आलें, तें त्यांणीं उघडिलें आणि तैसेंच ठेविलें. तिसरें आलें, तें उघडिलेंच नाहीं. बायको म्हणाली, “अहो, कोणाचीं एवढीं पत्रें येतात?” पंत म्हणाले, “जुन्या ओळखीचीं,” आणि उठोन गेले. तीस दिवस भरले, लिलाव जाहला, आणि तें नांव एका जुगारवाल्यानें घेतलें.

भाद्रपदांत कृष्णाबाई स्वतः पंतांच्या दारीं आल्या. पंत लगबगीनें म्हणाले, “या, बसा.” त्या बसल्या नाहींत. म्हणाल्या, “बसायला आले नाहीं, पंत. चांगुणा भोये नांवाची बाई आहे, तीस वर्षांची. भाताची निंदणी करतांना घोणस चावली. नवऱ्यानें फोनांत आपलें सर्पदंशाचें नांव घातलें, तर जुगाराचे पत्ते दिसले, चाकें फिरायला लागलीं, नव्या गड्यास बक्षीस म्हणोन घंटा वाजूं लागल्या. त्यास वाटलें आपलेंच कांहीं चुकलें. पुन्हा घातलें, पुन्हा तेंच. मग नेली जवळच्या दवाखान्यांत, तिथें लस नाहीं. दुसऱ्यांत नेली, तिथेंही नाहीं. तिसऱ्यांत मिळाली. जीव वांचला, पण उजव्या हाताचीं तीन बोटें काढिलीं.” पंत हळूच म्हणाले, “नवें नांव घेतां येईल, मी स्वतः—” बाई म्हणाल्या, “नवें घेतलें आहे, गरिबाला परवडेल अशा दुसऱ्या आडनांवाखालीं. पण दोनशें गांवांत शाळेच्या भिंतींवर जुनें नांव रंगविलेलें आहे. तें बघोन लोक अजून त्या जुगाऱ्याकडे जातात. तें कोण पुसणार? आम्ही तिघी म्हाताऱ्या आहों.” आणि पाणीही न घेतां त्या पायऱ्या उतरोन गेल्या. पंतांणीं तिसरें पत्र तेव्हां फोडिलें. आंत एकच ओळ होती: “आपली प्रकृति बरी आहे ना?”

ती ओळ वाचोन पंत भिंतीकडे तोंड करून रडले.

पुढें पीडित घरांणीं एकत्र होऊन श्रेष्ठसभेकडे फिर्याद केली. श्रेष्ठसभा म्हणजे सर्व आडनांवांवर जिची देखरेख, तीच. सभेनें मंडळीस बोलाविलें आणि विचारिलें कीं, मर्यादा उठते हें जाणोन सह्या केल्या काय? सहा जण म्हणाले, पंतांणीं केली म्हणोन आम्ही केली. तेव्हां सर्वांच्या नजरा पंतांकडे वळल्या. जयवंतराव कानाशीं लागोन म्हणाले, “आठवत नाहीं म्हणा, पंत. वय जाहलें, कोणी कांहीं म्हणणार नाहीं.” पंत काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “आठवतें. सर्व आठवतें. मला तो कागद कळलाच नव्हता, आणि कळला नाहीं हें सांगावयाची मला लाज वाटली. सही माझी आहे.” तों मागील बांकांवर कोणी तरी हंसलें, आणि तें हंसूं पंतांणीं ऐकिलें. ज्या हंसण्याच्या भयानें सही केली तें हंसूं शेवटीं कानीं पडलेंच, आणि तें इतकें लहान होतें कीं त्याचीही त्यांस लाज वाटली.

सभेनें विचार करून निवाडा दिला कीं, न समजतां दिलेली संमति ती संमति नव्हे; दफ्तर मंडळीस परत करावें, जुनी मर्यादा पुन्हा लागू. मात्र मध्यंतरीं जीं नांवें लिलावांत गेलीं तीं घेणारांनीं नियमानें घेतलीं, सबब परत होणार नाहींत. लोकांणीं पेढे वाटिले. पंतांणीं दफ्तरदारी सोडिली, आणि चुन्याची बादली, दोन ब्रश आणि निळा रंग घेऊन एस.टी.नें डोंगरपट्टींत गेले. वय एकाहत्तर. गांवोगांव शाळेची भिंत शोधावी, जुनें नांव चुन्यानें झांकावें, वाळलें म्हणजे त्यावर नवें लिहावें. अक्षर वळणदार. एकेचाळिसाव्या गांवीं एक बाई पाण्याची कळशी डाव्या हातानें उचलोन आली, आणि पंतांणीं तिचा उजवा हात पाहिला, आणि ब्रश खालीं ठेविला. म्हणाले, “चांगुणाबाई का?” ती म्हणाली, “हां. तुम्ही कोन?” पंतांणीं सर्व सांगितलें: बैठक, करारनामा, चहा, पत्रें, कांहीं राखून न ठेवितां. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “समजलं नव्हतं तर इचारायचं होतं की, बाबा.” एवढें बोलोन तिनें कळशी त्यांच्या बादलीपाशीं ठेविली, कारण चुन्यास पाणी लागतें, आणि ती शेताकडे गेली. पंतांणीं ब्रश उचलिला आणि ओळ पुरी केली.

तात्पर्य: दफ्तर परत आलें, नांवें आलीं नाहींत. अंताजीपंतांणीं त्रेसष्ट भिंती लिहिल्या आणि गुडघे धरले तेव्हां थांबले. बाकीच्या भिंती त्या त्या गांवच्या लोकांणीं लिहिल्या. हें लिहिणारा त्या बैठकींत कारकून म्हणोन दाराशीं बसला होता. एकशें अकरावें पान त्यानेंच टंकिलें होतें, आणि त्यास तें कळलें होतें, आणि तो गप्प राहिला. म्हणोन आपलें नांव येथें लिहीत नाहीं. इति.