टोपलीतली किल्ली

"टोपली सोडताना आधी खाली कोण उभं आहे ते बघत जा गं पोरी. वदीअ डॉक्टरने खालचं औषधांचं दुकान विकलंय," असं वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या हाज्जा फौकियाने परवाच बजावलं होतं. नेवीनने "हो हो" म्हटलं आणि सोडून दिलं. एरवी नेवीन आपल्या तान्ह्या मुरादची बाटली उकळून झाली तरी शंका आली म्हणून पुन्हा उकळायची, घरात असली तरी दाराला दोनदा किल्ली फिरवायची आणि मग ओढून बघायची. पण टोपलीची कसली काळजी? अलेक्झांड्रियातल्या त्या गल्लीत लिफ्ट बंद असायची, टोपल्या कधीच बंद नसत.

त्या दिवशी मुरादचा दुधाचा डबा खरवडून संपला. पोराला साधं दूध सोसत नसे, अंगावर चट्टे उठत. हे खास दूध खालच्या औषधांच्या दुकानातच मिळे. नेवीनने गॅलरीतून दोराला बांधलेली टोपली खाली सोडली. टोपलीत रिकामा डबा, पैसे आणि घराची किल्ली. किल्ली अशासाठी, की वदीअ डॉक्टरांचा माणूस वर येऊन गुपचूप दार उघडी, सामान आत ठेवी आणि घंटा वाजवून मुरादला उठवत नसे. अशी पद्धतच पडून गेली होती.

तिने दोर हलवला. थोड्या वेळाने दोर हलका लागला. वर ओढला तर नुसताच दोर! टोकाला टोपली नाही.

"अहो! माझी टोपली कुठाय?" ती कठड्यावरून ओरडली.

खालून हिरव्या जाकिटातला एक तरुण बाहेर आला आणि वर बघू लागला. छातीवर 'तामेर' असं लिहिलेलं. "जमा केली, मॅडम. पाटीसमोर काही लोंबलेलं कंपनीला चालत नाही."

"मग द्या की परत!"

"खाली या, ओळख दाखवा, लगेच देतो."

"येऊ कशी? दार कुलूपबंद आहे. किल्ली टोपलीत आहे!"

"किल्ली आहे खरी," तामेर प्रामाणिकपणे म्हणाला. "पण ती तुमचीच कशावरून?"

हे ऐकून हाज्जा फौकिया वरच्या गॅलरीत प्रकटल्या. "अरे शहाण्या, तिच्या दाराला लावून बघ ना! लागली तर तिची, नाही लागली तर तुझ्या आजीची!"

"दुकान सोडून जायची परवानगी नाही, हाज्जा."

"कुणाची परवानगी लागते?"

तामेर गडबडला. त्याने पाटीकडे पाहिलं. शिडीवर चढलेले दोन कामगार निळी पाटी उतरवून हिरवी लावत होते. "सकाळच्या निळ्या मालकांची... म्हणजे, ते आता राहिले नाहीत बहुतेक, हे जाकीट मघाशीच मिळालं. मॅडम, तुम्हीच कंपनीला फोन करून विचारा ना."

नेवीनने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "तुमची टोपली सुखरूप आहे."

"मला टोपली नकोय, किल्ली हवीय. आणि दूध!"

"किल्लीचा विभाग वेगळा आहे, मॅडम. आणि आपण नक्की कुठल्या कंपनीला फोन केलाय? आम्ही ते दुकान विकलं मघाशी."

"कुणाला?"

"ते आम्हालाही अजून कळवलेलं नाही."

तेवढ्यात मुराद उठला. उठला म्हणजे काय, सगळ्या गल्लीला उठवलं. नेवीनने त्याला खांद्यावर घेतलं, पाणी दिलं, पाठ थोपटली; तो मात्र दुधाच्या जागी दुसरं काही कबूल करीना. नवरा जहाजावर, दरवान गावी, हाज्जांचे गुडघे कामातून गेलेले. नेवीनच्या डोक्यात भलभलते विचार येऊ लागले. आता दार फोडायला लोक बोलवावे लागतील, घाबरून पोराला ताप येईल...

"ए हिरव्या!" हाज्जा कडाडल्या. "ऐकू येतंय का? पोर भुकेलंय! घरी मुलंबाळं आहेत का तुला?"

"एक मुलगी आहे."

"मग कंपनी कसली विचारत बसलास, मेल्या!"

तामेरने एकदा हिरव्या पाटीकडे पाहिलं, एकदा वर. मग आत जाऊन दुधाचा भरलेला डबा, टोपली आणि किल्ली घेतली, दुकानाचं नवं काचेचं दार कार्डाने बंद केलं आणि पाच जिने धापा टाकत चढला. किल्ली लागली. "तुमचीच आहे," तो विजयी मुद्रेने म्हणाला, जणू इतका वेळ त्यालाच खरी शंका होती.

मुरादने बाटली तोंडाला लावली आणि गल्ली शांत झाली. नेवीनला रडूच आलं. तिने तामेरला पुदिन्याचा चहा दिला. तो नको नको म्हणत प्यायला आणि घाईने खाली गेला.

नेवीन गॅलरीत आली तर तो दुकानाच्या दारात उभा. शिडी अजून तिथेच, पण पाटी आता पिवळी होती. तामेर काचेवर कार्ड घासत होता. दार ढिम्म हलत नव्हतं. मग त्याने फोन लावला.

"मी तुमचाच माणूस आहे हो... नाही, ओळखपत्र आत आहे... स्कूटरची किल्लीही आत... हो, आत येऊन ओळख पटवायला मी तयार आहे, पण दार तर उघडा!"

थोड्या वेळाने त्याने फोन खिशात ठेवला आणि पायरीवर बसला. नेवीनने वरून विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, हिरव्या जाकिटवाले आमचे नाहीत."

"मग घरी जा ना!"

"बायको विचारेल, नोकरी आहे का गेली. काय सांगू? मलाच माहीत नाही."

नेवीनने टोपलीतून त्याला पाव, चीज आणि टोमॅटो पाठवले. संध्याकाळीही तो तिथेच होता. मुरादला कडेवर घेऊन ती सारखी गॅलरीत येऊन बघत होती, पण पोराला निजवायला आत जावं लागलं. तुम्ही त्या गल्लीतून जाणार असाल तर जरा बघा. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर हिरव्या जाकिटातला माणूस अजून बसलाय का, आणि त्याने काही खाल्लंय का, तेवढं विचारा.