लाल ते प्लस

बॅटरीतलं मले जेवढं समजते, तेवढं शेलूबाजारच्या आसपास कोणाले समजत नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त आजकाल घरात सांगत नाही.

आता तुमीच पाहा. आमच्या मळ्यात फवारणीच्या पंपाले बॅटरी, रानडुकरं येऊ नये म्हणून कुंपणाले जे झटका मशीन लावलं त्याले बॅटरी, मोटरसायकलले बॅटरी. सगळ्या मीच आणल्या, मीच जोडल्या. आजवर एकदाही फसलो नाही, कारण माहा नियम एकच. लाल ते प्लस, काळं ते मायनस. बाकी ते बारीक अक्षरं वाचत बसणं हे रिकाम्या मानसाचं काम.

तर त्या शुक्रवारी आमची पिकअप रुसली. चाबी फिरवली का टिकटिक करे अन गप बसे. एरवी मी आठ दिवस तिच्याकडं पाह्यलं नसतं. पण रविवारी माह्या सासुरवाडीले, रिठदले, मारोतीचे रोडगे होते, म्हणजे गोवऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्याचं नवसाचं जेवण. तीनशे मानसाची पंगत. अन मागच्या महिन्यात सासऱ्यासमोर, चारचौघात, मीच बोलून बसलो होतो, "मामाजी, वांगे बाजारातून आणाचे नाही. एक एक वांगं माह्या मळ्यातलं येईन." रोडग्यासंगं वांग्याची भाजी नसली तर आमच्याकडं माणूस पंगतीतून उठून जाते. म्हणजे तीनशे मानसाचं जेवण, सासऱ्याचा नवस अन बायकोची माहेरची इज्जत, सगळं त्या टिकटिक करणाऱ्या पिकअपवर येऊन बसलं.

"आजच बॅटरी आणा," माही बायको साधना म्हणे. "अन त्या संघदीपच्याच हातानं बसवून घ्या. रविवारी माह्यावर माहेरी मान खाली घालाची पाळी आली, तर पाहा मंग."

"मले शिकवून राह्यली काय?" मी म्हतलं.

शनिवारी संघदीपच्या दुकानात गेलो. हायवेवर त्याचं बॅटरीचं दुकान आहे. पोरगा मोठा सबुरीचा. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "चंपतभाऊ, जुनी बॅटरी संगं आणली काय? नाही तर गाडी कोणती, साल कोणतं ते सांगा. पेटीचं माप अन टर्मिनल कोणत्या बाजूनं आहे ते पाहा लागते."

"मापं शिंप्याकडं देतात," मी म्हतलं, अन एकेक बॅटरी उचलून पाहू लागलो. माही पद्धत सोपी आहे. टरबूज घेताना आपण काय करतो? हातात तोलतो. जड ते भरलेलं. सगळ्यात जड जे होती, ते उचलताना माह्या कमरेतून कट्ट आवाज आला अन मी समजलो, हेच.

"भाऊ, ते दहा चाकी ट्रकची आहे," संघदीप म्हणे.

"माह्या गाडीले चारच चाकं आहेत. आरामात चालन."

घरी आणली. पेटीत अर्धी बसे, अर्धी बाहेर राहे. उभी करून पाह्यली, आडवी करून पाह्यली, दोरीनं बांधूनही पाह्यली. साधना शिलाई मशीनवरचा टेप घेऊन आली, पेटी मोजली, कागदावर आकडे लिवले, तो कागद माह्या खिशात घातला अन निंघून गेली. तिनं चार शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

कागद पाहून संघदीपनं दुसरी बॅटरी काढली. अर्ध्या वजनाची. मले तर आजारीच वाटली. प्लसच्या टर्मिनलवर लाल टोपी होती, तेवढी एक गोष्ट पसंत पडली. "थांबा भाऊ, पंधरा मिनिटात येऊन बसवून देतो. जुनीबी एकदा मीटर लावून पाहू."

"जुनी मेली," मी म्हतलं. "मेलेल्याची नाडी काय पाहतं?" अन बॅटरी उचलून घरी आलो.

रविवारी सकाळी आठ वाजता गाडीत पाच कॅरेट वांगे, मिरच्या अन सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या भरून तयार. जुनी बॅटरी कालच काढून ठेवली होती. मी पान्हा घेतला. नवी उचलणार, तर माही माय मनकर्णाबाई आडवी आली.

"काहून रे चंपत, नवी वस्तू बिनापूजेची जोडतं?"

आमच्या घरी नवी केरसुणीही कुंकवाशिवाय कोपऱ्यात उभी राहत नाही. मी म्हतलं, कर बाई, पण लवकर कर. मायनं तुळशीपुढं पाट मांडला, पाटावर बॅटरी ठेवली, उदबत्ती लावली. मी तवर कॅरेटवर ओलं पोतं टाकाले गेलो. पाच मिनिटात वापस आलो तर पूजा झाली होती, नारळ फुटला होता अन बॅटरी नव्या नवरीसारखी सजली होती.

मी ते पेटीत बसवली. झकास बसली. मंग लाल वायर घेतली अन लाल टर्मिनलकडं नेली. वायर पुरे ना. ओढली, ताणली, तरीही चार बोटं कमी. काळी वायर तिच्यावरून कैची मारून दुसरीकडं चालली होती.

साधना आंबाडा बांधत बाजूलेच उभी होती. "अहो, कंपनीनं वायर एवढी आखूड देली असन काय? काहीतरी उलटं होऊन राह्यलं."

"कंपनीनं तांबं वाचवलं," मी म्हतलं.

"तिथं बाजूले कोरलेली खूण असते. संघदीप काल फोनवर म्हणत होता. पाहून तर घ्या."

मी वाकून पाह्यलं. सपाट होतं सगळं. "काहीच खूण नाही. अन खूण कायले पाह्यजे? लाल समोर दिसून राह्यलं."

अन मी दात खाऊन ती वायर ओढली अन टेकवली.

चर्रर्र… फाट! ठिणगी उडाली, धूर निंघाला, जळक्या रबराचा वास सुटला. मी पान्ह्यासकट चार हात मागं पडलो. कोंबड्या थेट गोठ्याच्या छपरावर जाऊन बसल्या.

धूर निवळल्यावर मी मायले इचारलं, "बाई, ह्या बॅटरीले लाल टोपी होती. ते कोठं आहे?"

"टोपी घालून कोणी कुंकू लावून घेते काय रे? काढून ठेवली तुळशीपाशी. दोन खुंट्या दिसल्या, मले वाटलं जोडपं आहे. एकाले हळद लावली, एकाले कुंकू."

आता जगात एवढ्या बॅटऱ्या आहेत. त्यात मायनं कुंकू नेमकं मायनसले लावलं. अन माहा नियम लाल ते प्लस.

साधना पायरीवर बसली. तिचे डोळे भरून आले होते. "तिथं गोवऱ्या पेटल्या असतील. माहा बाप साऱ्या गावाले सांगून राह्यला असन, जवाई वांगे घेऊन येऊन राह्यले म्हणून. आता तीनशे मानसाले काय वाढणार?"

मले लय वाईट वाटलं. खरं सांगतो, गाडीचा धूर पाहून नाही वाटलं तेवढं तिच्याकडं पाहून वाटलं. अन मानसाले वाईट वाटलं का ते काहीही बोलते. नेमका तवाच सासऱ्याचा, जानरावचा, फोन आला.

"जवाईबापू, कोठवर आले? मसाला वाटून झाला."

"वाशीम आलंच मामाजी," माह्या तोंडून निंघून गेलं.

"वा! मंग एक काम करा. पत्रावळ्या राह्यल्या. आमच्या गावचा हरिसिंग वाशीमले पुसद नाक्यावर गठ्ठे घेऊन उभा आहे. त्याले गाडीत घ्या. त्याले तुमचा नंबर देतो."

साधनानं कपाळाले हात लावला. दोन मिनिटात हरिसिंगचा फोन. "भाऊ, मी नाक्यावर उभा आहे. तुमी कोठं?"

"नाक्यावरच."

"मले दिसून नाही राह्यले."

"मले तर तुमी दिसून राह्यले," मी म्हतलं. आता एकदा वाशीमले पोचलो म्हतल्यावर मागं कसं येणार?

"अस्सं? मंग हात हालवा भाऊ."

मी अंगणात उभा राहून हात हालवला. कायले हालवला, ते मलेबी माहीत नाही. तेवढ्यात छपरावरचा कोंबडा जोरात आरवला.

"भाऊ, तुमच्यापाशी कोंबडा आहे?" हरिसिंगचा आवाज बदलला. "मारोतीच्या रोडग्याले कोंबडा?"

मी फोन बंद केला.

बायकोनं मातर डोळे पुसून कामाचं काम केलं होतं. तिनं संघदीपले फोन लावला होता. तो मोटरसायकलवर आला, बॅटरीची हळद पाह्यली, कुंकू पाह्यलं, अन मले काही न इचारता बॅटरीले हात जोडले. मंग जळालेला फ्यूज बदलला. म्हणे, "नवी दुकानात नेऊन तपासा लागन. तवर जुनी पाहू." जुनीले मीटर लावलं. वायरीच्या टोकावर पांढरी भुकटी साचली होती, ते गरम पाण्यानं धुतली, नट कसला अन जुनीच बॅटरी पेटीत ठेवली. चाबी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"जुनीले काहीच झालं नव्हतं भाऊ," संघदीप म्हणे. "टर्मिनल ढिलं होतं."

"पूजेनं झाली सुरू," माय म्हणे.

"बाई, पूजा नवीची केली होती."

"देवाले नवी काय अन जुनी काय."

वाशीमले पोचलो तर साडेअकरा झाले होते. हरिसिंग नाक्यावर पत्रावळ्याच्या गठ्ठ्यावर बसला होता. पासष्टीचा, पांढऱ्या मिशाचा माणूस. मले वाटलं आता हा चांगला झापणार. तर त्यानं माहे दोन्ही हात धरले.

"भाऊ, दोन घंटे तुमी माह्यासमोर उभे होते. हातबी हालवला. अन मले दिसलेच नाही. माह्या डोळ्याचं काहीतरी बिघडलं." त्याचा चेहरा एवढासा झाला होता. मी पत्रावळ्याचे गठ्ठे उचलून गाडीत टाकू लागलो. साधना माह्याकडं पाहत राह्यली. अख्ख्या रस्त्यात हरिसिंग कधी एक डोळा झाकून पाहे, कधी दुसरा.

रिठदले सासरा वेशीवरच उभा होता. "जवाईबापू, उशीर काहून झाला? आचारी कावून राह्यला."

माह्या आधी साधना बोलली, "ह्यायनं नाक्यावर थांबून एक एक वांगं पुन्हा निवडलं बाबा. किडकं एकबी राहू देलं नाही. म्हणून वेळ लागला."

मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं नजर दुसरीकडं फिरवली. पंगत दीड घंटा उशिरा बसली, पण भाजी अशी झाली का लोकायनं पत्रावळ्या पुसून खाल्ल्या. सासऱ्यानं चारचौघात माह्या पाठीवर थाप मारली. मोठ्या सुखाचा घास माह्या तोंडात होता, तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून हरिसिंगचा आवाज आला. तो सगळ्यायले आपल्या डोळ्याची गोष्ट सांगून राह्यला होता.

"जवाईबापू," सासरा म्हणे, "तुमची गाडी आता ठणठणीत आहे. मुक्काम करा अन उद्या ह्याले वाशीमले डोळ्याच्या दवाखान्यात दाखवून आणा."

"आणतील ना," साधना म्हणे. "ह्यायचंच काम आहे ते."

सोमवारी आमी तिघं दवाखान्यात. डॉक्टरनं हरिसिंगले खुर्चीवर बसवलं. त्यानं वरच्या ओळीपासून खालच्या मुंगीएवढ्या अक्षरापर्यंत सगळं धाडधाड वाचलं. डॉक्टर म्हणे, "बाबा, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." हरिसिंगनं तिथंच खाली बसून डॉक्टरचे पाय धरले. मलेही बरं वाटलं. मी उठाले लागलो, तर साधनानं माह्या खांद्यावर हात ठेवून मले खुर्चीवर बसवलं.

"आलोच आहोत तर ह्यायचेबी डोळे पाहून घ्या."

पहिलं मोठं अक्षर मी वाचलं. त्याच्या खाली सपाट होतं सगळं.

आठ दिवसांनी चष्मा आला. संघदीपनं नवी बॅटरी तपासून वापस देली होती. पूजा झालेली वस्तू दुकानात ठेवू देत नाही माय. ते ओसरीवर पडली होती, आता झटका मशीनले लावू म्हतलं. मी चष्मा घालून तिच्याजवळ बसलो. हळद लागलेल्या टर्मिनलच्या बाजूले प्लस कोरलेलं होतं. अंगठ्याएवढं.

"एवढं काय पाहून राह्यले?" साधनानं आतून इचारलं.

"काही नाही," मी म्हतलं, अन आत जाऊन पान्हा तिच्या हातात देला.