काशीरामला दाखवलेला रायगड

डोळ्यांना पट्टी बांधून रायगडावर सोडलं तरी महादरवाजापासून जगदीश्वरापर्यंत मी न ठेचकाळता जाईन, असं मी आजवर पुष्कळांना सांगितलेलं आहे. त्यात एवढंच सांगायचं राहून जायचं, की मी रायगडावर कधीच गेलो नव्हतो. पनवेलच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझं आयुष्य गेलं. गड सर केला तो तिथेच, पंख्याखाली बसून.

ही बढाई खरी मानणारा माणूस एकच, गव्हाणचा काशीराम. मिठागरात जन्म गेला आणि म्हातारपणी मोतीबिंदूने डोळे गेले. दुपारच्या एसटीने कोणाचा तरी हात धरून यायचा, समोर बसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, चढवा गडावर." मी वाचायला लागायचो. अर्ध्या वाटेवर तो हात वर करून म्हणायचा, "थांबा. दम लागला." मग त्याचा श्वास खाली बसेपर्यंत मी पुस्तकात बोट घालून गप्प बसायचो. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की मुलगा हरेश त्याला खराखुरा गड दाखवणार होता. हरेश तळोज्याच्या कारखान्यात होता आणि त्याचा ओव्हरटाइम काही संपत नव्हता. थंडीत काशीरामचं हृदयच थांबलं.

दहाव्याला आम्ही खाडीवर उभे होतो. पिंड मांडले होते आणि समोरच्या बांधावर कावळे कमिटीच्या सभासदांसारखे बसले होते, सगळे हजर, कोणाचंच काही म्हणणं नाही. हरेशने हात जोडले. आईला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही, बिडी सोडीन, सगळं बोलून झालं. कावळा हलेना. ऊन डोक्यावर आलं. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा काशीरामची बायको सत्यवती माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमी बोला. तुमचं ऐकायचे ते."

मला चार माणसांत बोलता येत नाही. कावळे तर चाराहून जास्त होते. मी कसाबसा पुटपुटलो, "काशीराम, तुला रायगड दाखवतो." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडाला शिवला. माझं म्हणणं इतक्या तातडीने आजवर कोणी मनावर घेतलं नव्हतं.

पुढे काय होणार, याची तेव्हा मला कल्पना नव्हती. फाल्गुनात हरेशची बायको निशा माझ्या घरी आली. रोज सकाळी अंगणाच्या भिंतीवर एक कावळा येतो, आई आपल्या ताटातली भाकरी त्याला घालतात आणि स्वतः पाणी पिऊन उठतात, असं तिने सांगितलं. सत्यवतीचं म्हणणं होतं, ते विचारायला येतात, अजून का नेत नाय. तिच्या हातातल्या बांगड्या काशीरामबरोबर गेल्या होत्या, आणि आता त्या हातात बांगडी थांबलीही नसती. निशा दारातून जाताना म्हणाली, "काका, शब्द तुमचा आहे. पुढच्या थंडीपर्यंत आई राहतील असं मला वाटत नाही."

मग हरेशने गाडी ठरवली. जायचं होतं सत्यवती, हरेश आणि मी, असं आम्हा तिघांना. पण काशीरामला शेवटचं पोचवायला आलेली सगळी आळी याही वेळी पोचवायला निघाली, आणि मिळाली ती व्हिडिओ कोच. पुढच्या काचेवर कोणीतरी झेंडूची माळ बांधली. मी आदल्या रात्रीच गव्हाणला मुक्कामाला गेलो होतो. सुकटीचे डबे आले, पत्ते आले. ड्रायव्हर दयाराम याला सुतकी प्रवासाचा अनुभव नसावा, त्याने गाडी सुरू होताच लग्नाच्या वरातीचा सिनेमा लावला. सत्यवती पहिल्या सीटवर बसून नवरदेव घोड्यावर चढताना बघत होती.

गाडी पहाटे पनवेलला आली तेव्हा दयारामने सिनेमा बंद केला. तिथल्या बाळू फोटोग्राफरच्या दुकानातून काशीरामचा फोटो घ्यायचा होता. त्याला फोटोचं वावडं. त्याचा एकच फोटो होता, वाचनालयाच्या शिवजयंतीतला, त्यात तो आणि मी शेजारी बसलेलो. बाळूने निगेटिव्हवरून एकट्या काशीरामचा मोठा फोटो करून, चौकटीत घालून, कागदात बांधून ठेवला होता. हरेश कागद सोडायला लागला तर सत्यवतीने त्याचा हात धरला. "इथं नको. त्यांचे डोळे गडावरच उघडू दे."

हरेशने गाठ पुन्हा मारली. मलाही ते फार पटलं.

मग माझ्या हातात माईक देण्यात आला. गाईड मी होतो. मी "हॅलो" म्हणालो. पुढचा शब्द पेण आल्यावर सुचला, "पेण." तोवर ते सगळ्यांना कळलं होतं. नागोठण्यापाशी माईक पत्ते खेळणाऱ्यांकडे गेला.

पाचाडपासून चढताना माझे गुडघे बोलायला लागले. सत्यवती अनवाणी, फोटो छातीशी धरून, पुढे. मी मागे. महादरवाजा कधी आला ते मला कळलं नाही, कारण मी फक्त पायऱ्या बघत होतो. वर पोचलो तेव्हा इतका दम लागला होता की या क्षणी काशीरामची आणि माझी भेट होणार अशी मला खात्री वाटली.

होळीच्या माळावर हरेशने कागद सोडला. चौकटीत मी होतो.

टोपी, चष्मा, ओशाळलेलं हसू. खाली पट्टी चिकटवलेली: कै. काशीराम. निगेटिव्हमध्ये दोघांचीही तोंडं काळी, दोघांच्याही डोक्यावर टोपी. बाळूने ते उलट्या बाजूने उजेडात धरलं असणार आणि डावीकडचा तो उजवीकडे गेला असणार. निशाने न बघताच हार घातला होता. तो माझ्या गळ्यात छान बसला होता.

साताऱ्याकडचं एक कुटुंब थांबलं. त्यातल्या गृहस्थाने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "भाऊ का तुमचे?"

समजावून सांगायचं तर फार बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो."

"फार साम्य आहे हो. कशाने गेले?"

"हृदयाने."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पाणी दिलं. त्यांच्या म्हातारीने फोटोला नमस्कार केला. मी नकळत उलट नमस्कार केला.

हरेश दगडावर बसून रडायला लागला. बापाला जिवंतपणी आणता आलं नाही आणि मेल्यावरही आणता आलं नाही, असं काहीतरी तो बोलत होता. आळीतली माणसं दुसरीकडे बघत होती. सत्यवतीने फोटो मांडीवर पालथा घातला. मग म्हणाली, "उद्या भिंतीवर येतील. काय सांगू त्यांना?"

मला कड्यावरून उडी मारावीशी वाटली. पण कडा कुठल्या बाजूला, तेही मला समजत नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "खाडीवर तुमी काय बोललात?"

"रायगड दाखवतो."

"मंग दाखवा की. फोटूचे डोळे कागदाचे. ते होते तवा तरी डोळ्यांनी कुठं बघत होते? तुमचंच तर ऐकून बघायचे."

मी उठलो. समोर माणसं होती म्हणून मी डोळे मिटले आणि म्हणालो, "काशीराम, चढलो बरं का आपण. ही बाजारपेठ. जगदीश्वराकडे तोंड कर. आता उजव्या हाताला टकमक टोक..."

"डाव्या हाताला हाय ते," मागून दयाराम म्हणाला. तो सहलीचे लोक घेऊन दर रविवारी येत असे.

मी डोळे उघडले. होतं डाव्या हातालाच. म्हणजे माझ्या डोक्यातला रायगडही बाळूच्या निगेटिव्हसारखाच उलटा होता, आणि काशीराम इतकी वर्षं माझ्या भरवशावर त्यात फिरत होता.

"थांबू नका," सत्यवती म्हणाली. "नीट करून सांगा."

मी नीट करून सांगितलं. दुकानांचे चौथरे, गंगासागर, मनोरे, सदर, सगळं जागच्या जागी ठेवत गेलो. एवढं मी जन्मात बोललो नव्हतो. ती डोळे मिटून माझ्या मागे चालत होती. महाराजांच्या समाधीपाशी पोचताना मी घाईला आलो, तेव्हा तिने हात वर केला.

"जरा थांबा, भाऊजी. त्यांना दम लागला असंल."

आम्ही थांबलो. वारा होता. समाधीवर कावळा वगैरे काही आला नाही.

उतरल्यावर पाचाडला सत्यवतीने निशाकडून डबा मागून घेतला, आणि भाकरी पुरी खाल्ली. गाडीत दयारामने सिनेमा लावला नाही.

पनवेलला मी उतरलो तेव्हा हरेशने फोटो माझ्या हातात दिला. म्हणाला, "ठेवा काका, चौकट सागवानी आहे."

मी तो कपाटामागे ठेवून दिला होता. परवा झाडताना तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या कृष्णाबाईंना सापडला. त्यांनी पदराने काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "टाकू नका हो. फोटो चांगला आलाय. नाव तेवढं बदललं की झालं."